मिठात गेलेलं नाव

त्या शुक्रवारी मी मीठ आणायला आगरदांड्याला गेले होते. साल चौसष्ट. दिवाळी सरली होती, होड्या भरून येत होत्या आणि माझं मीठ संपलं होतं. मीठ मी नेहमी स्वतः बघून, मुठीत दाबून घ्यायची. बारीक मिठात मासळी वरून खारते आणि आतून कुजते. अर्धं पोतं डोक्यावर घेऊन दुपारच्या उन्हात दीड कोस चालत आले, आणि आमच्या वाडीच्या फाट्यावर हिरामणच्या चहाच्या टपरीपाशी थांबले. तिथं एक बाई उभी होती. पन्नाशीची, चष्मा लावलेली, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. एस.टी.ची धूळ अजून खाली बसली नव्हती.

हिरामण मला बघून म्हणाला, "घ्या बाई, तुमचं काम झालं. कबरस्तानाची राखण हिच्याकडंच हाय. धर्माची बायको. तोंडानं तिखट हाय, पण दाखवील."

"तुझ्या चहापेक्षा तिखट बरी," मी म्हटलं. पण डोक्यावरचं पोतं एकाएकी जड वाटलं.

ती बाई पुढं आली. "मी रिबका. मुंबईहून आले. इथं आमच्या माणसांच्या कबरी आहेत ना? मला माझ्या आजीची बघायचीय. आईच्या आईची. आरोन म्हणून मामा होते माझे, त्यांची आई."

ती कुणाची नात ते मला लगेच कळलं.

आमच्याकडं त्यांना ज्यू कुणी म्हणत नसे. शनवारतेली म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेले, आपल्यासारखंच मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे लोक. शनिवारी मात्र घाणा बंद. बैलसुद्धा मोकळा. आमच्या वाडीला लागून त्यांची सात घरं होती. तिकडं समुद्रापलीकडं त्यांचा स्वतःचा मुलूख झाला आणि एकेक घर बोटीत बसून निघून गेलं. शेवटचे आरोनशेट. बावन्न साली जायच्या आधी ते मला आणि माझ्या नवऱ्याला कबरस्तानात घेऊन गेले. तिथले पाच माड दाखवले. म्हणाले, "नारळ तुम्ही खा. गुरं शिरू देऊ नका, आणि दगड पडला तर उभा करा. दुसरं काही मागत नाही." मी त्यांच्या आईच्या दगडावर हात ठेवून हो म्हटलं.

त्यांच्या आईला सगळा गाव तेलीणआजी म्हणायचा. लहानपणी मी तेल आणायला गेले की माप भरून झाल्यावर ती पळीभर तेल माझ्या डोक्यावर ओतायची आणि दोन्ही हातांनी चोळायची. "शाळेत जायचं तर केस असे भुतासारखे नकोत," म्हणायची. वाडीतल्या माझ्या वयाच्या बायकांत चौथी झालेली मी एकटी. तिनं माझ्या आईला बोलून बोलून मला शाळेत बसवलं होतं.

मी काय केलं ते आताच सांगून टाकते. पुढं सांगायला तोंड होणार नाही.

सत्तावन्न साली पावसाळ्यात तिचा दगड आडवा झाला. पांढरा पोरबंदरी दगड, मुंबईहून आणवलेला. दीड हात लांब, हातभर रुंद, दोन्ही अंगांनी सपाट. एका अंगाला त्यांच्या धर्माची अक्षरं कोरलेली, आपल्याला न वाचता येणारी, आणि खाली सालाचे आकडे तेवढे आपले. मासळी खारवणाऱ्या बाईला सपाट दगड म्हणजे काय हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. टाक्यात मासळीचा एक थर, मिठाचा एक थर असं रचत जायचं आणि वरून दाब द्यायचा. ओबडधोबड गोटा ठेवला तर एका बाजूला दाब बसतो, दुसऱ्या बाजूला किडे पडतात. त्या वर्षी माझं सबंध टाकं किड्यांनी गेलं होतं. मी तो दगड बघितला आणि मनात म्हटलं, पडलेलाच तर आहे.

मी आणि माझी नणंद नलू, दोघींनी तो गोणपाटात घालून घरी आणला. मागच्या खोपीत टाक्यावर ठेवला. अक्षरांची बाजू खाली केली, कुणाला दिसू नये म्हणून.

पहिल्याच शनिवारी सकाळी खोपीचं झापाचं दार उघडलं तर दगड टाक्यावर नव्हता. भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, नलूनं काढला. नलूला वाटलं, मी काढला. पण त्याच्यावर खाराचा ओघळ नव्हता, मिठाचा कण नव्हता. पाच-सहा दिवस खारात बसलेला दगड कोरडा ठणठणीत. आणि खोपीत मासळीच्या वासात दुसरा एक वास... तिळाच्या ताज्या तेलाचा.

आम्ही तो परत चढवला. पुढच्या शनिवारी पुन्हा खाली. त्याच्या पुढच्यालाही. शुक्रवारी दिवस मावळला की खोपीकडून काहीतरी सरकल्याचा आवाज यायचा, जडशीळ, हळूहळू. मग सगळं शांत. मध्येच कुणी दमलेलं माणूस बसताना सोडतं तसा श्वास. माझा नवरा धर्मा एकदा हसत म्हणाला, "शनवारी तेली काम करीत न्हाईत, म्हाईत न्हाय तुला?" म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. त्यानंतर तो खोपीत कधी गेला नाही. "टाकून ये तो जागेवर," एवढं मात्र वरचेवर म्हणायचा.

मी टाकला नाही. मासळी झकास खारत होती. मी एवढंच केलं, की शनिवारी खोपीत जायचं बंद केलं. रविवारी सकाळी दगड चढवायचा, शुक्रवारपर्यंत ठेवायचा. म्हणजे मला सगळं समजलं होतं. समजूनही मी तिला आठवड्याचे सहा दिवस राबवली. एक नाही, दोन नाही, सात वर्षं.

तर त्या शुक्रवारी मी रिबकाबाईला घेऊन कबरस्तानात गेले.

खाडीच्या काठाला, सुरंगीच्या दोन झाडांखाली ती जागा. गवत मी काढलेलं होतं. तेवढं काम मी चोख ठेवायची. बाईनं पिशवीतून वही काढली, पातळ कागद काढले, पेन्सिली काढल्या. प्रत्येक दगडापाशी बसायची. कागद दगडावर धरून त्याच्यावर पेन्सिल आडवी फिरवायची, की काळ्यात पांढरी अक्षरं वर यायची. ती वाचायची, वहीत उतरवायची, मग पावलं मोजून पुढच्या दगडाकडं. वहीत तिनं सगळ्या जागेचा नकाशा काढला. कुणाचं डोकं कुणीकडं, कुणाच्या शेजारी कोण.

"एवढं लिहून काय करायचं, ताई?" मी विचारलं.

"माझी मुलगी तिकडं आहे. दीना. लग्न ठरलंय तिचं," ती लिहिता लिहिता म्हणाली. "तिकडचे धर्माचे मोठे लोक म्हणतात, तुम्ही कोकणातले, तुम्ही खरे आमच्यातले कशावरून? आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, दाखवा. नावानिशी. त्याशिवाय लग्न लावत नाहीत."

"मग आजीचं नाव सांगायचं ना."

तिनं पेन्सिल थांबवली. "मला माहीत नाही. मी दोन वर्षांची असताना माझी आई वारली. वडील सासूला नावानं कशाला बोलवतील? आरोनमामा तिकडं पोचल्यावर वर्षभरात गेले. गावात विचारलं तर सगळे तेलीणआजी म्हणतात. नाव फक्त तिच्या दगडावर आहे."

अकरा दगड झाले. मग ती बाराव्या जागेवर आली. तिथं खळगा होता, त्यात पालापाचोळा साठलेला.

"इथं दगड होता," ती म्हणाली.

"असंल."

"कुठे गेला?"

"भरतीचं पाणी येतं वरपर्यंत," मी म्हटलं. "वादळ झालं होतं. गेला असंल वाहून."

तिनं खाडीकडं बघितलं. पाणी खाली, चांगलं दोन पुरुष खाली होतं. मग इतर अकरा दगडांकडं बघितलं, जागच्या जागी उभे असलेल्या. मग माझ्याकडं. तो खळगा तिनं वहीत काढला, त्याच्याभोवती चौकोन काढला आणि चौकोन रिकामा ठेवला.

निघताना तिनं चिमूटभर गवत उपटून पाठीमागं टाकलं आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. "तुम्हीही धुवा. आमच्यात कबरस्तानातून निघताना हात धुतात." मी हात पुढं केले. माझे हात मिठानं फाटलेले असतात, पाण्याची सवय आहे त्यांना. पण ते पाणी पडलं आणि हात मनगटापर्यंत असे भाजले, की मी दात आवळले.

शेवटची एस.टी. गेली होती, आणि शनिवारी प्रवास ती करणार नव्हती. "दोन दिवस तुमच्याकडे राहू का?" तिनं विचारलं. मी नाही कसं म्हणू? राखणदार मी.

धर्मा होडीवर होता, रविवारी यायचा होता. पोरं दोन्ही त्यांच्या मामाकडं शिकायला होती. घरात मी एकटी. स्वयंपाकाचं विचारलं तर ती म्हणाली, "माझ्याकडे पोळ्या आहेत, उकडलेली अंडी आहेत. त्रास घेऊ नका. मासळी खवल्याची असेल तर चालते. बिनखवल्याची आम्ही खात नाही."

मी हो म्हटलं आणि चुलीकडं वळले. मागच्या टाक्यात मुशी होती आणि शिंगाळी. दोन्हीला खवलं नसतं. सात वर्षं दुसरं काही मी त्या दगडाखाली घातलंच नव्हतं. हे तेव्हा, चुलीपुढं बसल्यावर माझ्या डोक्यात आलं. तेलीणआजी आमच्या दारात यायची तेव्हा आई टोपलीतली मुशी आधी फडक्यानं झाकायची.

दिवस मावळायच्या आधी तिनं ओटीवर पेल्यात पाणी आणि वर तेल घालून वात लावली, डोळ्यांपुढं हात धरून काहीतरी पुटपुटली. मी आतून बघत होते. त्याच वेळी खोपीकडून तो आवाज आला. जड काहीतरी सरकत होतं... थांबत होतं... पुन्हा सरकत होतं.

"कोण आहे तिकडे?" तिनं विचारलं.

"मांजर," मी म्हटलं.

शनिवारी ती ओटीवर बसून राहिली. वही उघडली नाही, पेन्सिल हातात धरली नाही. दहाच्या सुमारास नलू आली. तिला कुठं काय बोलावं ते कधी कळत नाही.

"वैनी, पाहुणीला खोप दावलीस का? मुंबैवाल्यांना अशा वासानं झोप लागत न्हाय म्हंत्यात."

"तू जा, तुझी पोरं रडतायत."

"माझी पोरं शाळंत गेलीत." मग बाईंकडं वळून, "आमच्या वैनीसारखी मुशी सगळ्या खाडीत कुणी खारवीत न्हाय. दाब असा बसतो तिचा. तिचा तो दगूड..."

"नले," मी म्हटलं. एवढंच. ती पदर तोंडाला लावून निघून गेली. निघताना खोपीच्या बाजूनं न जाता पुढच्या बाजूनं गेली.

रिबकाबाई खोपीकडं बघत राहिली. दुपार कलली. वारा पडला होता, माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?"

"न्हाय. का?"

"काल दिवा लावल्यावर एक म्हातारी आली. तुम्ही चुलीपाशी होतात. त्या बाजूनं आली," तिनं खोपीकडं बोट केलं, "आणि ओटीच्या खाली, उजेडाच्या कडेला उभी राहिली. पदर पार तोंडावर ओढलेला. हात तेवढे दिसत होते. फार फाटलेले होते हो हात... मांस दिसत होतं. मला वाटलं, तुमच्याकडे कामाला असेल."

मी माझे हात पदराखाली घेतले.

"तिनं मला विचारलं..." रिबकाबाई थांबली. "म्हणाली, 'बाय, माझं नाव काय गं?' मला वाटलं, वयानं विसरली असेल बिचारी. मी म्हटलं, मला नाही हो माहीत, आजी. तर म्हणाली, 'तुला बी न्हाय?' आणि तशीच उभी राहिली. मग गेली. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. असं का म्हणाली? तुला बी न्हाय?"

मी भांडकुदळ बाई आहे. बंदरावर व्यापाऱ्यांशी भांडते, नवऱ्याशी भांडते, एकदा फौजदाराशी भांडले होते. पण त्या दुपारी मला मान वर करता येईना. मी जमिनीकडं बघून म्हटलं, "आज दिवस मावळू दे. तुमचा शनिवार संपू दे. मग तुम्हाला काय ते दाखवते."

आभाळात तीन चांदण्या दिसल्यावर ती उठली. मी कंदील घेतला. खोपीचं झाप मी शनिवारी कधी उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. दगड भिंतीला टेकून उभा होता. अक्षरांचं तोंड भिंतीकडं.

"हा घ्या," मी म्हटलं. "वाहून न्हाय गेला. मी आणला."

ती दगडाकडं बघत राहिली. मग टाक्याकडं, मिठाकडं, मुशीच्या थराकडं. "कधी?"

"सात वर्षं झाली."

"यावर ठेवायचात?"

"व्हय. शनवार सोडून."

"शनिवार सोडून का?"

"शनवारी तो खाली उतरतो. आपला आपण."

तिनं एक हात भिंतीला लावला. मग आम्ही दोघींनी मिळून दगड फिरवला आणि मी कंदील जवळ धरला.

दगडाचं तोंड पार खाल्लं गेलं होतं. मीठ त्या मऊ दगडात शिरून त्याचे पापुद्रे निघाले होते. खालचे सालाचे आकडेही नव्हते. एका कोपऱ्यात आडवी रेघ होती, ती अक्षराची का चिरेची कोण सांगणार.

तिनं तरी कागद लावला. पेन्सिल आडवी धरून सगळ्या कागदावर सावकाश फिरवली, कडेपासून कडेपर्यंत. कागद काळा झाला. काही उमटलं नाही.

मग मी तिला उरलेलं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, पण सांगितलं. पहिल्या वर्षी टाक्यातून मुशी काढली की तिच्या अंगावर ती अक्षरं उलटी उमटलेली असायची. घाटावरचा व्यापारी हसून म्हणायचा, बाई, मासळीवर मंत्र लिहून देता काय? मीही हसायची. दुसऱ्या वर्षी अक्षरं पुसट झाली. चौथ्या-पाचव्या वर्षी काही उमटेनासं झालं, तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला, माल आता स्वच्छ दिसतो.

"ती मासळी कुठे गेली?" तिनं विचारलं.

"विकली. घाटावर."

"म्हणजे लोकांनी खाल्ली."

"व्हय."

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या मला घेता येतात, परतही करता येतात. तिनं काळा कागद घडी करून वहीत ठेवला, दगडाच्या माथ्यावर हात ठेवला, आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "मी काय म्हणून हाक मारू तिला?"

रविवारी सकाळी धर्मा होडीवरून आला. त्यानं दगड गोणपाटात घातला. आम्ही तिघांनी तो जागेवर नेला, खळग्यात रोवला, माती दाबली. बाईनं विहिरीच्या गोड्या पाण्यानं तो तीन वेळा धुतला. फाट्यावर तिनं माझं नाव आणि पत्ता वहीत उतरवून घेतला. एस.टी. आली तेव्हा मी तिला विचारलं, "ती परत आली आणि मला विचारलं तर मी काय सांगू?"

"खरं सांगा," ती म्हणाली. "की आता ते कुणालाच माहीत नाही. आणि का माहीत नाही तेही सांगा."

मी टाकं रिकामं केलं. मुशी खड्ड्यात पुरली. मीठ खाडीत ओतलं. खोप झाडून काढली. मला वाटलं, दगड जागेवर गेला, आता ती येणार नाही.

पुढच्या शनिवारी, भर दुपारी, मी खोपीच्या दारात बसून जाळं शिवत होते. ऊन लख्ख होतं. सुई मध्येच थांबली, कारण तेलाचा वास आला. वर बघितलं तर ती समोर उभी होती.

नऊवारी लुगडं, ओळखीचं. हात रिबकाबाईनं सांगितले तसेच, फाटलेले. मी म्हटलं, "आजी..." आणि तिनं पदर मागं घेतला.

चेहरा नव्हता. म्हणजे होता, पण खाल्ला गेलेला. डोळ्यांच्या जागी उथळ खळगे, नाकाच्या जागी जरासा उंचवटा, बाकी सगळं पांढरं, खरखरीत, पापुद्रे सुटलेलं. तोंड नव्हतं तरी आवाज आला. तोच आवाज, माझे केस चोळताना बोलायचा तो.

"बाय... माझं नाव काय गं?"

मला खरं सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. पण माहीत नाही म्हटलं असतं तर पुढं सांगावं लागलं असतं, की मी घालवलं. तुझ्या तोंडावरून मिठानं खरवडून काढलं आणि विकलं. ते तिच्या त्या तोंडाकडं बघून माझ्यानं म्हणवलं नाही. ती वाट बघत होती. कुठं जायची घाई नव्हती तिला.

मी तिला माझं नाव सांगितलं.

तिनं ते एकदा म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, सावकाश, नवीन लुगडं अंगाला लावून बघावं तसं. जिथं तोंड असायला हवं तिथं एक बारीक रेघ उमटली. तिनं फाटका हात माझ्या डोक्यावर ठेवला, जरासा, आणि कबरस्तानाच्या वाटेनं चालत गेली. मी घरात येऊन आरशात बघितलं. केस तेलानं चप्प झाले होते.

शिमग्याच्या आधी रिबकाबाईचं पत्र आलं. मी स्वतः वाचलं. दीनाचं लग्न लागलं होतं. तिनं लिहिलं होतं: मुंबईला आल्यावर महिन्यानं वही उघडली, तर त्या काळ्या कागदावर पांढरी अक्षरं होती. त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आपल्याला दिसली नसतील. आमच्यातल्या एका जाणत्या माणसानं वाचली, कागद तिकडं पाठवला, त्यांनी मान्य केला. पुढं आजीचं नाव लिहिलं होतं. आणि त्याच्यापुढं: 'तुमचं आणि आजीचं नाव एकच आहे, हे तुम्ही बोलला नाहीत. आमच्यात पूर्वी बायकांना गावातली नावं असायची खरी. आता मला तिला हाक मारता येते.'

त्याला उत्तर पाठवायला हवं होतं. चौथी शिकलेय मी, चार ओळी लिहिता येतात. बाई, ते नाव तुमच्या आजीचं नाही, एका कोळणीचं आहे, असं लिहायचं होतं. तीनदा कागद घेऊन बसले. पोरीचं लग्न मोडेल, म्हणून नाही लिहिलं, असं मी मनाला सांगते. खरं म्हणजे मला लाज वाटली. आजही वाटते. एकदा तिचं नाव खाल्लं आणि दुसऱ्यांदा खोटं नाव तिच्या गळ्यात घातलं.

जूनमध्ये रेशनचं कार्ड बदलून घ्यायचं निघालं. मी आणि नलू चावडीवर गेलो. कारकुनानं विचारलं, "बाईचं नाव?" मी तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. घशापर्यंतसुद्धा आला नाही. नलू हसली. "अवो, आमच्या वैनीचं नाव... नाव..." म्हणाली आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "वैनी, काय गं तुझं नाव? आत्ता माझ्या तोंडात होतं."

कारकून वैतागला. "जुनं कार्ड आणलंय ना? त्यात बघा की."

मी कार्ड उघडलं. पहिल्या ओळीत धर्माचं नाव होतं, निळ्या शाईत, ठळक. तिसऱ्या ओळीत मुलाचं, चौथ्या ओळीत मुलीचं. दुसरी ओळ पांढरी होती. खोडलेली नव्हती, ओली होऊन फुटलेली नव्हती. तेवढ्या जागेत कागद जरा पातळ झाला होता आणि हाताला खरखरीत लागत होता.

कारकून नलूशी बोलत होता. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि कुणी बघत नाही असं बघून ते जिभेला लावलं.

खारट होतं.